इनेन रमलीचं नाव

आमान तालिपचं तोंड आठवलं की मला अजून किळस येते. आमच्या तळ्याकाठच्या ताकेंगोन गावात पहिलं मूल झालं की आईबापाचं जुनं नाव मागे पडतं. तालिपचा बाप तो आमान तालिप, रमलीची आई ती इनेन रमली. हा आमान तालिप गावप्रमुख. डच होते तेव्हा साहेबाच्या घोड्यापुढे पळायचा आणि आम्हाला रस्त्यावर खडी फोडायला जुंपायचा. जपानी आले, तर दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापुढे कमरेत वाकायला शिकला. कणा नावाची वस्तू त्याला नव्हतीच.

इनेन रमली तळ्यावर देपिक मासळी धरणारी विधवा, तोंडाची फटकळ. जपान्यांनी डोंगरातल्या रस्त्यासाठी पोरं मागितली. विधवेचा एकुलता म्हणून रमलीला सूट होती. पुकारा झाला तालिपचा. आमान तालिपनं रमलीलाच पुढे ढकललं. "हा माझा तालिप," म्हणाला. आणि तिला हळूच, "आठवड्यात सोडवून आणतो, वहिनी." पोरगा तिकडेच तापानं मेला.

स्वातंत्र्यानंतर तळ्याकाठी हुतात्म्यांच्या आठवणीचा दगड उभारला. त्यावर नाव कोरलं तालिपचं! खरा तालिप मेदान शहरात कॉफी विकून गलेलठ्ठ झालेला. वर कहर म्हणजे समारंभाच्या जेवणाची मासळी सांगितली इनेन रमलीलाच.

ती त्याच्या अंगणात गेली. "दगडावर रमली कोर. एवढंच मागते."

"अगं, मेला तो तालिप म्हणूनच ना? तू मासळीचं बघ."

समारंभात बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यानं हुतात्मा तालिपच्या आईला पुढे बोलावलं. प्रमुखाची बायको उठायच्या आत इनेन रमली मांडवात जाऊन उभी राहिली.

"दगडावरच्या पोराला मी जन्म दिलाय. आजपासून मला इनेन तालिप म्हणायचं."

"गप बस!" आमान तालिप खेकसला.

पण त्याच्या बायकोला राहवेना. "इनेन तालिप मी आहे! माझं नाव घेतेस? माझा तालिप जिवंत आहे, मेदानला आहे!"



"मग हा मेलेला कोण?" इनेन रमलीनं प्रमुखालाच विचारलं.

तो खाली मान घालून पुटपुटला, "रमली."

नवा दगड बसवला तेव्हाही हा निर्लज्ज पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. इनेन रमलीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला वाचता येत नव्हतं. मासळीच्या वासाची बोटं अक्षरांवर ठेवून ती शेजारणीला विचारत होती, "नीट बघून सांग, रमलीच लिहिलंय ना?"