काहून नाही?

अख्ख्या वऱ्हाडात कुठल्याच प्रश्नाला सरळ उत्तर न देणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. चहा घेणार का, असं विचारलं की उजवी मांडी थाडकन बडवून म्हणायचा, "काहून नाही?" नको असलं की डावा हात माशी हाकलल्यासारखा उडवायचा, "हट बे!" 'हो' आणि 'नाही' हे शब्द त्याला सरकारी वाटत. मुलगी बघायला गेला तेव्हा सासऱ्यांनी पसंती विचारली. मांडी इतक्या जोरात वाजली की पोह्यांची बशी उलटली.

गेल्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हापासून त्याच्या गावी, राजापेठेतल्या घरात तो पडून असतो. त्याला सगळं समजतं, पण हात, जीभ, पापणीसुद्धा त्याचं ऐकत नाही. मी दर रविवारी अकोल्याहून जातो. मेहुणीचा एकच ध्यास होता: याला काय हवं ते कसंही करून कळावं.

मग कॉलेजातल्या एक इंजिनीअर मॅडम तारांची टोपी घेऊन आल्या. टोपी डोक्यातल्या लहरी पकडते आणि संगणक बोलतो. "काका, 'हो' म्हणायचं असेल तर उजवा हात हलवतोय अशी कल्पना करा. 'नाही'साठी डावा." तीन रविवार संगणक मुका राहिला. मॅडम हळूच म्हणाल्या, "सिग्नलच मिळत नाही हो."

मेहुणी उसळली. "भेटन कसा? यायनं जन्मात कोनाले 'हो' म्हटलं नाही, मॅडम! मांडी बडवाले सांगा ना!" मग नवऱ्याच्या कानाशी वाकली. "आयकलं का जी? मनातल्या मनात बडवा. चांगली जोरात. पंखा लावू का?"

पडद्यावरची रेघ टुणकन उडाली. संगणकातली बाई शुद्ध, गोड आवाजात म्हणाली, "हो." मेहुणी रडत पंख्याकडे धावली आणि तिथूनच ओरडली, "हा शब्द बदला पयले! हे बाई आमच्या घरची नोहे!"

आता तिथं 'काहून नाही?' आहे, 'नाही'च्या जागी 'हट बे!', दोन्ही माझ्या आवाजात. शब्द त्याचे, सूर उसना.

पूर्वी तो माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नसे; अकोल्याचं कौतुक निघालं की 'हट बे!' ठरलेलं. परवा मी मुद्दाम अकोल्याची थोरवी सांगायला बसलो, जागोजागी थांबत, कुठंही तोडता येईल अशी. पण टोपीला वेळ लागतो. मला ते भाषण शेवटपर्यंत न्यावं लागलं.