पदकाची पाठ

पूल ओलांडून झाला तरी आत्या बसायचं नाव घेईना. संग्रहालय अजून बरंच लांब होतं.

"बस येतेय, आत्या," भाची म्हणाली.

"येऊ दे की! डोळे चाललेत, पाय नाहीत."

उरलेली नजर फार दिवसांची नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. म्हणून तर ही पायपीट. आत्याला एक पदक शेवटचं डोळे भरून पाहायचं होतं.

टांकसाळीतल्या यंत्रावर ठसे बसवण्यात तिची हयात गेली. त्यात जीव अडकला तो एकाच पदकात. दोन देशांनी एकमेकांकडे नाचणारे धाडले, त्याची आठवण म्हणून काढलेलं. एका बाजूला आपली नर्तकी, पाठीवर त्यांची. ती पाठ कोरायला तिकडची एक बाई आली होती. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं.

"मग बोलायचात कशा?"

"ओरडून! तिला वाटायचं मी बहिरी. मग मी काय कमी? मी तिच्याहून मोठ्यानं."

पहिलं पदक निघालं आणि पंचाईत झाली. आत्यानं सवयीनं ठसे नाण्यासारखे बसवले होते, खालून वर उलटलं तरच पाठ सुलटी दिसेल असे. पाहुणीनं पदक पुस्तकाच्या पानासारखं उलटलं, तर तिची नर्तकी डोक्यावर उभी! मग पाहुणी स्वतःच तशी उलटी वाकून, डोकं गुडघ्यांत घालून अशी खिदळली, की सगळा कारखाना गोळा झाला.

"देवानं माणूस दिलं गं मला. पण गेली ती गेलीच. पत्र लिहिणार कुठल्या भाषेत?"

"आणि तुला पदक नाही दिलं?"

"आम्हाला कशाला? पदकं मोठ्यांच्या घरी गेली, धूळ खायला."

संग्रहालयात पदक सापडलं. काचेच्या पेटीत, मखमलीवर. वर आपली नर्तकी. आत्यानं काचेला नाक टेकवलं, बाजूनं डोकावलं. भाचीही वाकून बघून आली. पाठ मखमलीत रुतलेली.

आत्यानं हळूच भाचीचा दंड धरला.

"दाराशी त्या बाई बसल्यात ना, त्यांच्याशी तू बोल, बाळ. मी बोलले तर म्हातारीचा हट्ट म्हणतील. म्हणावं, आत्या हात लावणार नाही, नुसतं पालथं करून दाखवा. तिच्या मैत्रिणीचं काम आहे. आणि पुढच्या वेळी या म्हणाल्या, तर ऐकू नकोस. आजच विचार. विचारशील?"