वाचता येईल असं बायबल

"तुमच्याकडे ते उशाशीच ठेवतात ना?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मग उशाला काय मराठी आणि काय इंग्रजी."

व्हरांड्यातल्या सगळ्या बायका हसल्या. नगरच्या बायका खुर्च्यांवर होत्या. आम्ही खेड्यांतून आलेल्या खाली सतरंजीवर. खालच्याही हसल्या. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणतो आम्ही त्यांना, त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. माझे कान तापले.

मी एवढंच विचारलं होतं, "बाई, आमच्यासारखीनं कोणतं बायबल घ्यावं?"

हे वाक्य मी पाथर्डीपासून एस.टी.त मनातल्या मनात म्हणत आले होते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तरी विचारलं. कारण आमच्या वस्तीवरच्या बायकांत वाचता येणारी मी एकटीच, तीही चौथीपर्यंत. बायका प्रार्थनेला जमायच्या, गाणी म्हणायच्या आणि मग नुसत्या बसून राहायच्या. वाचायला पुस्तक नव्हतं. मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, एक बायबल होतं, ते मास्तरांच्या पेटीत. मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे शिक्षक, रविवारची उपासनाही तेच चालवतात. मी एकदा त्यांच्याकडे ते मागितलं होतं. "जुनं आहे, फाटेल," म्हणाले. म्हणून स्वतःचं घ्यायचं ठरवलं. पण कोणतं? कुणी म्हणे जुन्या भाषेतलंच खरं. कुणी म्हणे बायकांना नुसता नवा करार पुरे. मोठ्या बाई शिकलेल्या, महिलांची सभा त्यांच्याच बंगल्यावर भरायची. मला वाटलं, त्या नीट सांगतील.

त्या आत गेल्या आणि एक काळं इंग्रजी बायबल घेऊन आल्या. त्यांच्या मुलाचं होतं, त्याला नवीन मिळालं होतं. पाठ सुटलेली. एक कोपरा कसरीनं खाल्लेला.

"घे. सोनेरी कड आहे बघ. तुमच्या वस्तीवर शोभेल."

"देव तुमचं बरं करो, बाई," आत्याबाई म्हणाल्या.

माझे हात पुढे झाले. मी ते पुस्तक कपाळाला लावलं. त्यातलं एक अक्षर मला येत नव्हतं. बाईंना ते माहीत होतं. तरी दिलं. मला माहीत होतं, तरी घेतलं.

आमच्याकडे रीत आहे. बाळंतिणीच्या उशाशी बायबल ठेवायचं. आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचं. मयताच्याही. आमच्या आज्यांच्या वेळी बाळाच्या उशाशी विळा ठेवत. बाप्तिस्मा झाला, विळ्याच्या जागी पुस्तक आलं. बाकी सगळं तसंच राहिलं. पुस्तक लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायचं, वर गाठ मारायची. ती गाठ सोडायची नाही. सोडली तर त्यातलं बळ जातं, असं म्हाताऱ्या म्हणतात.

त्यामुळे ते इंग्रजी आहे हे वस्तीवर कुणाला कळलंच नाही. आत्याबाईंनी त्याच दिवशी गाठ मारली. लोक येऊन पाया पडून जायचे. या घरातून त्या घरात जायचं ते. मी गप्प राहिले.

मग माझी धाकटी जाऊ यमुना बाळंत झाली. मुलगा. काळाच, पण टपोरा. पुस्तक त्याच्या उशाशी गेलं. आमच्याकडे बाप्तिस्मा द्यायला नगरहून पाळकसाहेब यावे लागतात. ते पावसाळा सरल्याशिवाय येत नाहीत, गाडीवाट चिखलात बुडते. पोराला त्याआधीच ताप भरला. दीर त्याला उचलून पाथर्डीच्या दवाखान्याकडे निघाले. अर्ध्या वाटेवरून परत आले. चालत आले ते, पळत नाही. त्यावरूनच आम्हाला कळलं.

मास्तर म्हणाले, "कबरस्तानात नाही घेता येणार. बाप्तिस्मा झालेला नाही."

माझे दीर म्हणाले, "मास्तर, पाळकच आलं न्हाईत. त्यात लेकराचा काय दोष?"

"दोषाचं मी बोलत नाही. बाप्तिस्म्यावाचून गेलेलं लेकरू देवाच्या घरी जात नाही. शास्त्रात लिहिलंय."

शास्त्रात लिहिलंय. एवढं म्हटलं की आमच्यात पुढं कुणी बोलत नाही. मास्तरांनी बोट दाखवलं तिथं, ओढ्याच्या काठाला खड्डा केला. वर धोंडे रचले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. कुंपणाच्या आत आमची सगळी माणसं. हे एकटं बाहेर.

यमुना बरेच दिवस बोलली नाही. भाकरी थापायची, पाणी आणायची, पान्हा यायचा तो चुलीमागं जाऊन पिळून टाकायची. मग एकदा माझ्यापाशी येऊन बसली.

"आक्का, तू शिकलेली हायेस. शास्त्रात खरंच तसं लिव्हलंय का? बघून सांग."

मी म्हटलं, "मास्तर म्हंत्यात तर आसंल."

"मास्तराचं न्हाई इचारलं. तू बघ."

तिनं स्वतःच ते फडकं आणलं. गाठ सोडायला मी कचरत होते. तिनं दातानं सोडली. पुस्तक उघडलं. तिला एक अक्षर येत नाही, पण शाळेच्या भिंतीवरची अक्षरं तिनं रोज पाहिलेली.

"हे आपल्यासारखं दिसत न्हाई."

"इंग्रजी हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी मला वाचता येत न्हाई."

ती पुस्तकाकडे बघत राहिली. "माझ्या लेकराच्या उशाशी हे हुतं?"

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

मला वाटलं आता ती रडेल, मला बोलेल. तिनं पुस्तक मिटलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "मग आता वाचता येईल आसं आण," म्हणाली.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. खुरपत असले की वाटे, मी इथं काय करतेय. देवाचं नाव आमचं, मरण आमचं, लेकरू आमचं. आणि काय लिहिलंय ते सांगणारे मात्र दुसरे. आम्ही फक्त पाया पडायचं. बाई हसल्या ते पुस्तकावरून नव्हे. आम्ही कधी ते उघडणार नाही, याची त्यांना खात्री होती. आणि आम्ही खरंच उघडलं नव्हतं.

उसाच्या फडातून आल्यावर घेतलेल्या कोंबड्या मी पाथर्डीच्या बाजारात विकल्या. माझे मालक म्हणाले, "मास्तराशी वाकडं कशाला घेतीस?" पण अडवलं नाही. एकटीनं नगरची एस.टी. धरली. तोवर मी एकटी कधी गेले नव्हते.

आधी बंगल्यावर गेले. मोठ्या बाई व्हरांड्यात शेंगा सोलत होत्या. मी पुस्तक पुढे केलं.

"हे काय? दिलेलं कुणी परत करतं का?"

"आमाला ह्याचं काम न्हाई, बाई."

"देवाच्या वचनाचं काम नाही?"

"वचन हाय का काय हाय, त्येच आमाला कळंना. मला वाचता येईल आसं पायजे."

"फार बोलायला शिकलीस गं. आणि वाचून काय करणार तू?"

  यमुनाचं तोंड डोळ्यापुढे आलं.

"माझ्या जावंचं लेकरू गेलं. ते देवाघरी गेलं न्हाई, आसं लिव्हलंय म्हंत्यात. मला बघायचंय."

 बाई म्हणाल्या, "असं एका ओळीवरून कळत नाही ते. त्याला अभ्यास लागतो."

"म्हणूनच इचारलं हुतं तुमाला, कोणतं घ्यावं."

त्यांनी शेंगांच्या सुपात हात घातला आणि तो तसाच ठेवला. मी पुस्तक रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. पाया पडले नाही. पायऱ्या उतरले.

पुस्तकांच्या दुकानात चष्मा लावलेले एक गृहस्थ होते. "पाळकांची चिठ्ठी आणलीय का?" "न्हाई." "कुणासाठी पाहिजे?" "माझ्यासाठी." त्यांनी माझ्या लुगड्याकडे बघितलं आणि चित्रांचं एक पातळ पुस्तक पुढे सरकवलं. "हे घेऊन जा. तुम्हा लोकांना हेच बरं."

मी ते परत सरकवलं. "अख्खं पायजे. आन उघडून बघितल्याबगर घेनार न्हाई."

बांगड्यासुद्धा आम्ही हातात घालून बघतो. इथंच का बघायचं नाही?

ते कुरकुरले, पण त्यांनी कपाट उघडलं. तीन पुस्तकं मांडली. मी तिन्हींत एकच जागा काढून मागितली, लेकरांना येशूपाशी आणतात ती. ती गोष्ट मला तोंडपाठ होती, म्हणजे कुठं अडते ते कळलं असतं. उभ्यानं, मोठ्यानं वाचली. अडखळत. मागं दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, तरी वाचली. एकात भाषा इतकी जुनी की शब्द कळत होते आणि वाक्य निसटत होतं. दुसऱ्याच्या समासात आकडे होते. तीच गोष्ट दुसरीकडे कुठं आलीय ते ते आकडे सांगत. मला ते फार आवडलं, पण अक्षर खसखशीएवढं. तिसऱ्याचं अक्षर मोठं, भाषा सरळ. समास मात्र कोरा.

"कोणतं घेऊ?" मी विचारलं.

या वेळी त्यांनी माझ्या लुगड्याकडे बघितलं नाही. "घरात उजेड कसला असतो?"

"चिमणी."

"मग मोठ्या अक्षराचंच घ्या. बारीक अक्षराचं चार दिवस वाचाल आणि ठेवून द्याल. हवं ते शोधायला वेगळी शब्दसूची मिळते, कोणता शब्द कुठं आलाय ते त्यात असतं."

शेजारी एक जाडजूड टीका होती. एकेका ओळीचा अर्थ सांगणारी. मी तिला हात लावला.

"ती आत्ता नको. त्यात दुसऱ्यानं काढलेला अर्थ असतो. आधी मूळ वाचा, मग त्याच्याशी भांडायला या."

एवढीच माहिती मला पाहिजे होती. बंगल्यावर मिळाली असती तरी यमुनाचं लेकरू वाचलं नसतं, हे मला कळतं. पण मास्तर ओढ्याकडे बोट दाखवत होते तेव्हा मी पुस्तक उघडू शकले असते.

बायबल आणि शब्दसूची, दोन्ही पुस्तकं फडक्यात न गुंडाळता आणली. हातात धरून, वस्तीवरून. आत्याबाई ओरडल्या, उघडं नेतात का देवाला.  यमुनानं चिमणीची काजळी पुसून ठेवली.

शब्दसूचीत 'लेकरू' काढलं, 'बालक' काढलं, 'बाप्तिस्मा' काढलं. एकेक जागा उघडून मी वाचते, यमुना ऐकते. समजलं नाही तर पुन्हा वाच म्हणते. मास्तरांचं वाक्य अजून सापडलं नाही. तिला मी खोटं सांगत नाही. म्हटलं, "सगळं वाचून झालं न्हाई. सापडलं तर तेबी सांगीन." ती म्हणाली, "सांग."

मागच्या रविवारी उपासना संपता संपता मी उभी राहिले. का राहिले कळलं नाही. उभी राहिल्यावर कळलं, सगळे बघतायत.

"मास्तर, लेकराचं जे लिव्हलंय म्हनाला, ते कुठं? अध्याय सांगा. मी उघडते."

"खाली बस. बायकांनी मंडळीत बोलू नये, हेही लिहिलंय."

"ते वाचलंय मी. ते सापडलं. हे सापडंना."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खोकलं. आत्याबाईंनी माझा पदर ओढला. मास्तरांनी घाईनं गाणं सुरू केलं आणि सगळे उठून गाऊ लागले. यमुना गायली नाही. मीही नाही.

आता आमच्या घराला मंडळीतून वगळलंय, पाळकसाहेब येईपर्यंत. आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. मी कुणाला ऐकवायला हे लिहीत नाही. बोलताना विसरेन म्हणून लिहून ठेवते, काय विचारायचं ते.

पाळकसाहेब दसऱ्याच्या सुमाराला येतील. त्यानंतर आम्ही ऊसतोडीला जाणार, मग वैशाखापर्यंत इथं कुणी नसणार. म्हणून तेव्हाच. सगळ्यांसमोर. त्यांना पुस्तक देईन आणि म्हणेन, अध्याय दाखवा. दाखवला तर मी मोठ्यानं वाचीन आणि गप्प बसेन. नाही दाखवता आला, तर यमुनाच्या लेकराला कुंपणाच्या आत जागा द्या.

अध्यायही नाही आणि जागाही नाही, असं म्हणाले तर कुदळ आमच्या घरात आहे. पुरुष येवोत न येवोत. यमुना धोंडे काढील, मी खणीन.