सहावी फळी

आवडाबाईने चाळीस वर्षांत समुद्राला एकदाही गावात पाऊल टाकू दिलं नाही, आणि जनसुनावणीच्या यादीत कारकुनाने तिच्या नावापुढे व्यवसाय लिहिला, ‘घरकाम’. काय म्हणावं आता याला!

अलिबागच्या उत्तरेला खाडीकाठी तिचं गाव. तिथली भातशेती भरतीच्या पाण्याहून खोल. मध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी सोडायचं, भरतीआधी फळ्या सरकवून दार लावायचं. सासऱ्यांनंतर हे काम आवडाबाईने घेतलं. लेकीच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा तिने भरतीची वेळ टाळून काढायला लावला होता.

आता याच शेतांवर कोळशाचा वीजप्रकल्प यायचा होता. कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं, ‘जमीन पडीक, भरतीचा धोका नाही.’ भात कापून झाल्यावर मोजणीला आलेल्यांना दुसरं काय दिसणार? सुनावणीचा मांडवही त्यांनी त्या ‘पडीक’ शेतातच घातला, आणि तोही अमावस्येला, सर्वांत मोठ्या भरतीच्या दिवशी.

सकाळपासून वाद रंगला. कंपनीचे सल्लागार म्हणाले, देशाला वीज हवी. गावातली कॉलेजात शिकणारी सोनल उठली आणि कोळशाने तापणारी हवा, चढणारा समुद्र, सौरऊर्जा, सगळं आकड्यांसह बोलली. सल्लागार हसले. “हे पुस्तकातलं झालं. इथे समुद्र चढल्याचा पुरावा काय?”

पुरावा आवडाबाईकडे होता. तो सरकारी कागदावर चढावा, एवढ्यासाठीच ती नाव देऊन बसली होती. साडेअकराला तिचं नाव पुकारलं. ती उठली, तिने खाडीकडे बघितलं आणि बोलायला पुढे न जाता बांधाकडे चालू लागली.

“मावशी, बोलायची पाळी गेली तर परत मिळणार नाही,” सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले.

“जाऊंदे. आदी दार लावते. न्हायतर तुमच्या खुर्च्या पोवत मांडव्याच्या बंदराला जातील.”

पुतण्या विनेश मागे धावला. “काकी, आज ऱ्हाऊंदे उघडं. भिजले की कळंल त्यांना!”

“मेल्या, भिजंल ते आपलंच शेत!”

कुतूहलाने अधिकारी निघाले, त्यांच्यामागे सगळा मांडव. आवडाबाईने एकावर एक सहा फळ्या बसवल्या. बघता बघता बाहेरचं पाणी सहाव्या फळीला लागलं. आत कंबरभर खाली कोरडं शेत, त्यात रिकामा मांडव. हातच्या काकणाला आरसा कशाला?

“सासऱ्यांच्या टायमाला चार फळ्या पुरत,” ती म्हणाली. “पाचवी मी घातली. सहावी दोन वर्सांमागं. वीज आमालाबी होवी, साहेब. पन सातवी फळी कोन घालनार, त्ये लिवा.”

अधिकाऱ्यांनी बांधावरच तिचं म्हणणं शब्दाला शब्द लिहून घेतलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकताना गावाची छाती फुगली.

“माज्या नावाम्होरं काय लिवलंय?” तिने विचारलं.

“घरकाम,” कारकून पुटपुटला.

“खोडा त्ये. लिवा, दर्या अडवते.”

कारकुनाने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, आणि त्याने तसंच लिहिलं.