डेल्फीनच्या बॉनेटचा काळा

नॉर्बर्ट डोंबेकला निवड करायला सांगू नये, हे वायनडॉट गावातल्या आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक होते. ईस्टरपूर्वीच्या उपवासात दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचे जेवण असे. नॉर्ब तेथे कॉड आणि पर्च यांच्यामध्ये ताट धरून उभा राही आणि मागची रांग जिन्यापर्यंत पोचे. त्याची पत्नी आयरीन हयात असताना फरशीचे नमुने त्यांच्या टेबलावर इतके दिवस पडून होते, की शेवटी त्यांवर गरम भांडी ठेवण्याची पद्धत पडली. स्वयंपाकघर जुन्याच फरशीवर राहिले.

नोकरीची सारी वर्षे त्याने नदीकाठच्या कारखान्यात गाड्यांची बॉनेटे दाबून काढली. पत्रा येई, यंत्र खाली येई, बॉनेट पुढे जाई. निवडण्यासारखे काही नसल्यामुळे तो काळ त्याला सुखाचा गेला. बॉनेट रंगवणे हे दुसऱ्या इमारतीतल्या लोकांचे काम होते, आणि त्या इमारतीत त्याने कधी पाऊल टाकले नव्हते.

निवृत्तीनंतर त्याने थोरल्या बहिणीची गाडी दुरुस्त करायला घेतली. सत्तर साली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करत असताना, डेल्फीनने ती स्वतःच्या कमाईतून नवी कोरी घेतली होती. दोन दारे, पिवळे अंग, काळे बॉनेट आणि एका तरुण मुलीला न शोभणारे इंजिन, असे त्यांच्या वडिलांचे मत होते. लग्नानंतर मुले झाली, गाडी नॉर्बच्या गॅरेजमध्ये आली आणि तेथेच गंजली. आता डेल्फीनची दृष्टी उतरत चालली होती. पानगळीच्या दिवसांत तिचा वाढदिवस येई. त्या दिवशी आपण होऊन लायसन परत करायचे, असे तिने ठरवले होते. त्याआधी ऑगस्टमध्ये, जुन्या गाड्या वुडवर्डच्या हमरस्त्यावर मिरवायला उतरतात त्या शनिवारी, ही गाडी तिने चालवावी, एवढीच नॉर्बची इच्छा होती. तिची अट एकच होती: गाडी तिची वाटली पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसून मिरवायची हौस तिला नव्हती.

मे महिन्यापर्यंत सारे झाले. इंजिन सुरू झाले, पिवळा रंग बसला. उरले ते बॉनेट.

अशा बॉनेटांना लागतो तो चकाकी नसलेला काळा रंग एकच असतो, अशी माझी समजूत होती. नॉर्बच्या आणि माझ्या अंगणांमधल्या कुंपणाने ती दूर केली. भंगारातल्या बॉनेटांचे तुकडे कापून, प्रत्येकावर वेगळा काळा मारून, त्याने ते ओळीने टांगले. एक शाळेच्या फळ्यासारखा होता, एक छत्रीच्या कापडासारखा, एक विझलेल्या कोळशासारखा. सकाळी एकसारखे दिसणारे दोन तुकडे दुपारी वेगळे दिसत. नॉर्ब मला हाक मारी, मी मत देई, आणि ते मत तो इतक्या गांभीर्याने ऐके, की दुसऱ्या दिवशी नेमके त्याच्या उलट बोले. जूनमध्ये मी मत देणे थांबवले. तरी हाका थांबल्या नाहीत.

त्यात जुन्या गाड्यांच्या मंडळाचा परीक्षक व्हर्जिल कोम्ब्स येऊ लागला. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा बॉनेटवर तिळभरही चमक नव्हती, असे त्याचे ठाम म्हणणे होते. चालकाच्या डोळ्यांवर ऊन परतू नये म्हणूनच तो रंग असे. तो फळ्याच्या तुकड्यापुढे उभा राहून मान डोलवी. डेल्फीन अंगणातल्या खुर्चीवर बसून तोच तुकडा खाली उतरवायला सांगे.

"हा चुलीतला काळा आहे, नॉर्बी. माझी गाडी काय चूल होती?"

मग नॉर्ब छत्रीचा तुकडा पुढे करी. तो तिला मेलेला वाटे. थोडी चमक असलेला आणला, तर तिला तो पियानोसारखा वाटे. नेमके काय हवे, असे विचारले की ती म्हणे, काळा. जुन्या फोटोंचा आधार घ्यावा, तर त्या प्रत्येकात बॉनेटवर कोणी ना कोणी बसलेले होते. नॉर्ब पुन्हा दुकानात जाई, पुन्हा तुकडा रंगवी, आणि आम्हा दोघांमधले कुंपण आणखी काळे होई. जुलै संपत आला. रंग वाळायला आणि मुरायला दिवस लागणार होते. नॉर्ब आता बहिणीशी हातवाऱ्यांनीच बोलू लागला होता.

एका शनिवारी ती आली, तेव्हा त्याने तिला खुर्चीही दिली नाही. तिनेच ती कुंपणाशी ओढून घेतली. हातात आइस्ड टीचा ग्लास होता. तो फळ्याच्या तुकड्यावर हिंदकळला. तिने पर्समधला रुमाल काढला आणि थेंब टिपता टिपता गोलगोल घासू लागली. डाग केव्हाच गेला होता, हात थांबत नव्हता. घासलेल्या जागी पत्र्यावर मंद, तेलकट उजेड आला.

नॉर्ब बघत राहिला. मग त्याने अगदी शांतपणे विचारले, "डेल, तू गाडीला पॉलिश करायचीस?"

"दर शनिवारी. बाबांच्या डबीतलं मेण घेऊन."

"बॉनेटला पण?"

"मग? सगळी गाडी पुसायची आणि बॉनेट तसंच ठेवायचं? लोक काय म्हणतील?"

"त्याला मेण लावत नाहीत, बाई. कोणीच लावत नाही. लावलं की तो रंग कायमचा वाया जातो."

"अरे, माझी गाडी होती. पहिल्या महिन्यात डाग डाग दिसायचे, हे खरं. मग मी जास्त लावलं."

नॉर्ब पायरीवर बसला. जो काळा तो तीन महिने शोधत होता तो कोणत्याही दुकानात नव्हता. तो त्याच्या बहिणीच्या हातचा होता. त्याने कुंपणाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, जणू ही गोष्ट मी त्याला मे महिन्यातच सांगायला हवी होती.

पुढे त्याने जे केले ते त्याच्या स्वभावाला धरून नव्हते. त्या आठवड्यातच, कोणालाही न विचारता, त्याने बॉनेटवर फळ्याचा काळा मारला. व्हर्जिल येऊन पाहून गेला आणि प्रथमच हसला. रंग मुरल्यावर नॉर्बने डेल्फीनला बोलावून मेणाची डबी तिच्या हातात ठेवली.

"घे. कर सत्यानाश."

ती बाह्या सरसावून दुपारभर घासत होती. संध्याकाळी व्हर्जिल पुन्हा आला. डागाळलेल्या, चमकत्या बॉनेटपाशी बराच वेळ उभा राहिला आणि नॉर्बला म्हणाला, "डोंबेक, तुमच्या घराण्यात वेड आहे." त्यानंतर त्या वर्षी तो आमच्या गल्लीत दिसला नाही.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी वुडवर्डवर डेल्फीन गाडी चालवत होती, शेजारी नॉर्ब होता आणि मागच्या अरुंद सीटवर गुडघे छातीशी घेऊन मी. नॉर्बचे लक्ष रस्त्याकडे नव्हते. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. गाडी वळली, ऊन समोरून आले आणि बॉनेटवरून उसळून सरळ आत शिरले. डेल्फीनने डोळे बारीक केले आणि पर्समधून काळा चष्मा काढला.

"हां," ती म्हणाली. "असंच यायचं डोळ्यांत."

नॉर्बने डोळ्यांवर हात धरला. "अगं, ते येऊ नये म्हणूनच तर काळं करतात."

"तू गप्प बस," डेल्फीन म्हणाली, आणि तिने गिअर टाकला.