न मोजलेली जागा

वैजयंतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॅम्बुर्गच्या एस-बान लोकलमध्ये उभी होते. पलीकडून तिचे यजमान, आमचे भाऊजी, एवढंच म्हणाले, "अगं, तुझी ताई गेली..." मला रडू आलं नाही, राग आला. बावन्न हे काय जायचं वय आहे? सहा आठवडे झाले, राग अजून आहे. "सुटली बिचारी" म्हणणाऱ्यांना मी तोंडावर सांगते, ती बिचारी नव्हती आणि तिला सुटायचंही नव्हतं.

ताई माझी सख्खी बहीण नव्हे, ऑफिसातली वरिष्ठ; मूळची साताऱ्याची. समुद्र तिने कॉलेजच्या सहलीत पहिल्यांदा पाहिला आणि पुढे जर्मनीत येऊन त्याचा तळ मोजण्यात आयुष्य काढलं. जहाजावरून खाली आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून खोली काढायची आणि अशा असंख्य आकड्यांतून पाण्याखालचे डोंगर, दऱ्या, पठारं नकाशावर उभी करायची. मी पुण्याहून तिच्या हाताखाली प्रोग्रॅमर म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी एक शहाणपणा केला. एका नकाशात पांढरा चट्टा राहिला होता, कारण वादळामुळे जहाज तिथे गेलंच नव्हतं. मी आजूबाजूच्या आकड्यांवरून कॉम्प्युटरकडून तिथे छान निळा उतार काढून घेतला. ताईने तो पाहिला मात्र... "कोणी मोजलं हे?" मी म्हटलं, "आल्झो, म्हणजे, ताई, इंटरपोलेट केलं. सगळेच करतात." "अंदाजपंचे दाहोदरसे! आणि तेही आपल्या नावावर? पूस. आत्ताच्या आत्ता." मी तणतणत पुसलं. दोन वर्षांनी जहाज तिथून गेलं, तर माझ्या उताराच्या जागी चांगला सिंहगडाएवढा डोंगर निघाला. ताईने त्यावरून मला एकदाही ऐकवलं नाही, फक्त त्या डोंगराचा प्रिंट माझ्या टेबलावर आणून ठेवला.

तिचा शेवटचा नकाशा आजारपणातच झाला. एक आठवडा केमो, एक आठवडा ऑफिस. त्यातही एक पांढरा चट्टा आहे, कारण पुढची मोहीम निघायच्या आतच ती गेली... गेल्या पंधरवड्यात आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी मला बोलावलं. तो नकाशा तिच्या नावानिशी दर्शनी भिंतीवर लावायचा होता. माणूस वाईट नाही. म्हणाले, "तेवढी जागा भरून टाक. तिचं काम पूर्ण झालेलं दिसेल. हीच तिला श्रद्धांजली." मी म्हटलं, "नाइन, नाही. भरायचंच असेल तर तिचं नाव काढा, आणि माझंही." बघणाऱ्यांना ती चूक वाटेल, असं त्यांनी समजावलं. माझं काँट्रॅक्ट डिसेंबरात संपतंय, याचीही हळूच आठवण करून दिली. ताईने माझ्याकडून वचनबिचन काही घेतलं नव्हतं. त्याची गरज तिला वाटली नसावी. मी उठले आणि त्याच दुपारी नकाशा चट्ट्यासकट छपाईला पाठवला.

आता तो दर्शनी भिंतीवर, जिन्याशेजारी लागलाय. काँट्रॅक्टचं काय, ते अजून कळलेलं नाही. परवा काही पाहुणे आले होते. त्यांतल्या एका बाईंनी नेमकं त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "इथे काय आहे?" प्रमुख शेजारीच उभे होते, माझ्याकडे बघत होते.

"माहीत नाही," मी ठणकावून सांगितलं. "तिथे जावं लागेल."