मनगटातली जास्तीची दोरी

नागपूर स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळचंच ऊन टोचायला लागलं होतं. सांगलीहून इतक्या लांब मी आले ती वंदनासाठी. कॉलेजात असताना आम्ही वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहायचो. लग्नानंतर ती उमरेडला सासरच्या हातमागावर बसली. काही महिन्यांपूर्वी फुटक्या काचेनं तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट तळव्याच्या बाजूनं खोल कापलं. जखम भरली, पण बोट वाकेना. माग बंद पडला. आता नागपुरात त्या बोटाचं ऑपरेशन होतं.

इस्पितळाबाहेर तिच्या नवऱ्यानं, प्रमोदभाऊंनी, आधी तर्री पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) खायला घातले. मी हौसेनं तर्री दोनदा मागितली आणि डोळे पुसतच वॉर्डात शिरले.

"काहून रडून राहिली वं? ऑपरेशन माह्यं हाय!" खाटेवरून वंदना म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. "अंगठा करंगळीला टेकवा, मनगट जरा वाकवा. बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध एक कंडरा (स्नायूची दोरी) वर येते. आपले पूर्वज झाडांवर चढायचे, तेव्हा ती जास्त कामाची असावी. काहींना आता जन्मतःच नसते. बोटातल्या तुटलेल्या कंडरेच्या जागी आम्ही तीच लावतो."

वंदनाच्या उजव्या मनगटावर काहीच उमटलं नाही. डाव्यावर मात्र दोरी ठसठशीत दिसली. तिचा चेहरा उतरला.

"एकच धड हात हाय मले. तो नाही कापू देत."

"ती अगदीच बिनकामाची आहे का, यावर आमच्यातही वाद आहेत," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "पण काढल्यावर पकड फारशी कमी होत नाही."

"फारशी म्हंजे?" वंदनानं नेमका शब्द धरला.

बाई विचार करायला सांगून गेल्या. वॉर्डात जो तो मनगट वाकवून पाहू लागला. मीही पाहिलं. माझ्या दोन्ही हातांना दोरी नव्हती! पन्नाशी उलटली तरी मला पत्ता नव्हता.

वंदनानं माझी मनगटं चाचपली. "दोन्हीकडं नाही? अन् हॉस्टेलात पंजा लढवून मलेच हरवायची तू!" ती खळखळून हसली. मग तिनं स्वतःचं डावं मनगट पुन्हा एकदा वाकवून पाहिलं. "सांगा बाईले, काढा म्हणा," ती प्रमोदभाऊंना म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. चार दिवसांनी, कपाशीच्या शेतांमधून आम्ही तिला उमरेडला नेलं. घरात शिरताच ती मागापाशी गेली, अर्धवट साडीवरची धूळ डाव्या हातानं झटकली आणि आत वळली.

परतीच्या गाडीत वाटलं, शास्त्राच्या दृष्टीनं माझी मनगटं हा कच्चाच पुरावा. जन्मतः नसणं वेगळं, असलेलं काढून देणं वेगळं. वंदनालाही ते कळत होतं. तिला फक्त कुणाचातरी हात धरून होकार द्यायचा होता.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. बोट तळव्याला टेकत नाही, पण चिमटीत धागा धरता येतो. माग पुन्हा सुरू झालाय.

"आणि डावा हात?" मी विचारलं.

"त्याले त पत्ताबी नाही लागला वं!"